धूमकेतूवर उतरणे आणि धूमकेतूवर टिकणे

धूमकेतूला आपल्याकडे जुनी माणसे ‘शेंडेनक्षत्र’ म्हणत. डोळ्यांना भरतो तो शेंडाच, म्हणजे शेपटी. तेव्हा हे नाव चपखल आहे. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. त्याची शेपटी लाखो लोकांनी पाहिली. पण ती शेपटी ज्यातून निघते तो मूळ गोळा मात्र कोणालाच दिसला नाही. हा गोळा, म्हणजे धूमकेतूचा गाभा, अवघा काही किलोमीटरांचा असतो. सूर्यापासून दूर असताना तो इतका लहान आणि काळा असतो, की मोठ्या दुर्बिणीतूनही तो एक ठिपकाच दिसतो. सूर्याजवळ आल्यावर तो स्वतःच सोडलेल्या धुळीच्या आणि वायूच्या पडद्याआड लपतो. म्हणजे लांब असताना दिसत नाही आणि जवळ आला की झाकला जातो.

मग त्याचा पृष्ठभाग कसा असतो हे कळणार कसे? जवळ जाऊन पाहणे आणि जमल्यास वर उतरणे एवढाच मार्ग उरतो. हा मार्ग युरोपीय अवकाश संस्थेच्या रोझेटा यानाने प्रत्यक्ष अवलंबला. त्या मोहिमेची कथा वर्तमानपत्रांतून अनेकांनी वाचली असेल. आपण येथे तिच्यातील एकाच प्रश्नाकडे जरा निरखून पाहू: धूमकेतूवर उतरलेली वस्तू तिथे टिकते कशी? या प्रश्नाचे उत्तर शालेय पुस्तकातील गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात आहे.

बर्फाचा गोळा, पण कोळशासारखा काळा

धूमकेतूचा गाभा म्हणजे धूळ मिसळलेला बर्फाचा गोळा असावा, अशी कल्पना अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९५० साली मांडली. तिची पहिली खरी परीक्षा १९८६ साली झाली. त्या वर्षी हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ आला, तेव्हा सोव्हिएत संघाची व्हेगा-१ व व्हेगा-२ ही याने आणि युरोपचे जॉट्टो हे यान त्याच्या भेटीला गेले. १४ मार्च १९८६ रोजी जॉट्टो गाभ्यापासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरावरून गेले. छायाचित्रांत दिसला तो सुमारे १५ किलोमीटर लांबीचा, बटाट्यासारखा ओबडधोबड गाभा. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के प्रकाश परत फिरत होता. बर्फाचा म्हणून ओळखला जाणारा हा गोळा कोळशाइतका काळा निघाला.

मात्र जॉट्टो आणि हॅले एकमेकांजवळून सेकंदाला ६८ किलोमीटर वेगाने गेले होते. एवढ्या वेगात गाभ्याचे ओझरते दर्शन होते, ओळख होत नाही. ओळख व्हायची तर धूमकेतूच्या बरोबरीने, त्याच वेगाने, त्याच मार्गावर चालायला हवे. रोझेटाचे काम हेच होते.

दहा वर्षांची वाट

रोझेटा २ मार्च २००४ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथून निघाले. वजन सुमारे ३,००० किलोग्रॅम, आणि सौरपंखे पसरले की टोकापासून टोकापर्यंत ३२ मीटर. त्याचे लक्ष्य होते ६७पी/चुर्युमोव-गेरासिमेंको हा धूमकेतू. क्लिम चुर्युमोव आणि स्वेतलाना गेरासिमेंको या दोन सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञांनी तो १९६९ साली शोधला होता. सुमारे साडेसहा वर्षांत तो सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करतो.

त्याच्या बरोबरीचा वेग केवळ इंधनाच्या जोरावर मिळवणे शक्य नव्हते. म्हणून २००५, २००७ आणि २००९ साली पृथ्वीजवळून आणि २००७ सालीच एकदा मंगळाजवळून जाऊन यानाने या ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणातून वेग उसना घेतला. पुढे सूर्यापासून ते जवळजवळ ८० कोटी किलोमीटर दूर गेले. तिथे सौरपंख्यांना पुरेसा प्रकाश मिळेना, म्हणून जून २०११ पासून ३१ महिने यान जवळपास पूर्ण झोपवून ठेवण्यात आले. २० जानेवारी २०१४ रोजी ते ठरल्याप्रमाणे जागे झाले आणि ६ ऑगस्ट २०१४ रोजी धूमकेतूपाशी पोचले.

समोर दिसला तो एकमेकांना चिकटलेल्या दोन गोळ्यांचा, मान बारीक असलेल्या बदकासारखा आकार. मोठा भाग सुमारे ४ किलोमीटर लांब, लहान भाग सुमारे अडीच किलोमीटर. वाशीम-बुलढाण्याकडील वाचकांना एक माप चटकन कळेल. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. धूमकेतूचा फक्त लहान भाग त्याच्यावर आणून ठेवला, तरी सबंध विवर झाकले जाईल. हे दोन्ही भाग पूर्वी वेगवेगळे होते आणि अगदी मंद वेगाने एकमेकांवर टेकून जोडले गेले, असा निष्कर्ष पुढे थरांच्या अभ्यासावरून निघाला.

तिथे आपले वजन किती?

आता पाटी-पेन्सिल घेऊ या. धूमकेतूचे वस्तुमान यानाच्या मार्गात पडलेल्या फरकावरून मोजता आले. ते सुमारे १,००,००,००,००,००,००० किलोग्रॅम, म्हणजे एकावर १३ शून्ये, इतके आहे. पृथ्वीचे वस्तुमान याच्या सुमारे ६० हजार कोटी पट आहे. आता अंतर पाहू. धूमकेतूच्या केंद्रापासून पृष्ठभाग सरासरी २ किलोमीटर दूर धरू. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर, म्हणजे ३,२०० पट.

गुरुत्वाकर्षण वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. वस्तुमान कमी, म्हणून ओढ ६० हजार कोटी पट घटते. अंतर कमी, म्हणून ती ३,२०० चा वर्ग, म्हणजे सुमारे १ कोटी पट वाढते. दोन्हींचा हिशेब केला, तर धूमकेतूवरील ओढ पृथ्वीवरील ओढीच्या सुमारे ६० हजारावा भाग येते.

रोझेटाने आपल्यासोबत ‘फिले’ नावाचा सुमारे १०० किलोग्रॅम वस्तुमानाचा एक उतरयंत्र-संच नेला होता. पृथ्वीवर तो उचलायला दोन-तीन माणसे लागतील. धूमकेतूवर त्याचे वजन येथील पावणेदोन ग्रॅमइतके, म्हणजे वहीच्या एखाद्या पानाएवढे भरते. तिथे एक मीटर उंचीवरून दगड सोडला, तर जमिनीवर पोचायला त्याला सुमारे पावणेदोन मिनिटे लागतील. आपल्याकडे तो अर्ध्या सेकंदाच्या आत पडतो.

याच आकड्यांवरून मुक्तिवेगही काढता येतो. पृथ्वीवर तो सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. धूमकेतूवर सेकंदाला एक मीटरपेक्षाही थोडा कमी. हा वेग किती लहान आहे पाहा. आमच्या अनसिंगच्या मैदानावर जागच्या जागी ३० सेंटिमीटर उंच उडी मारणारा मुलगा जमीन सोडताना सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने वर निघतो. तीच उडी त्याने धूमकेतूवर मारली, तर तो परत खाली येणार नाही.

चंद्राशी तुलना केली, की फरक अधिक स्पष्ट होतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम हे यान चंद्रावर उतरले, तेव्हा प्रश्न वेग आवरण्याचा होता. चंद्राची ओढ यानाला खाली खेचत होती आणि इंजिने तिला विरोध करीत होती. टेकल्यावर मात्र तीच ओढ यानाला जागेवर धरून ठेवते. पुढे ३ सप्टेंबरला विक्रमने इंजिने चालवून सुमारे ४० सेंटिमीटरची उडी मारली आणि ते पुन्हा नीट टेकले. त्या उडीला सेकंदाला सुमारे १.१ मीटरचा वेग लागतो. एवढ्या वेगाने धूमकेतूवरून उडी मारली असती, तर विक्रम अवकाशात हरवले असते. म्हणजे चंद्रावर अडचण उतरण्याची, तर धूमकेतूवर टिकण्याची.

तीन बंदोबस्त आणि एक उसळी

फिले तयार करणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्यांनी तीन बंदोबस्त केले होते. टेकताक्षणी यंत्राच्या माथ्यावरील एका नळीतून वायूचा झोत वर सुटणार होता, त्याच्या प्रतिक्रियेने यंत्र खाली दाबले जाणार होते. त्याच क्षणी दोरी बांधलेले दोन भाले, ज्यांना हार्पून म्हणतात, जमिनीत रुतणार होते. आणि तिन्ही पायांत बर्फात शिरणारे स्क्रू होते.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी उतरण्यापूर्वीच कळले, की वायूच्या झोताची यंत्रणा चालत नाही. थांबावे की पुढे जावे? थांबून दुरुस्ती होण्यासारखी नव्हती. पुढे जाण्याचा निर्णय झाला. धूमकेतूच्या केंद्रापासून सुमारे २२ किलोमीटर अंतरावर रोझेटाने फिलेला सोडले. फिलेला स्वतःचे इंजिन नव्हते. सात तास ते नुसते पडत राहिले. पृथ्वी त्या वेळी ५१ कोटी किलोमीटर दूर होती. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या संदेशालाही २८ मिनिटे लागत होती, त्यामुळे तिथे काही बिघडले, तर येथून कोणालाही काहीही करता येणार नव्हते. भारतात रात्रीचे साडेनऊ वाजून गेले आणि संदेश आला: फिले टेकले. जर्मनीतील नियंत्रण कक्षात आनंदीआनंद झाला.

थोड्याच वेळात माहितीतील विसंगती दिसू लागली. हार्पून सुटलेच नव्हते. फिले सेकंदाला एक मीटर वेगाने येऊन टेकले होते आणि सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने परत वर निघाले होते.

या उसळीचे मोजमाप करू. पृथ्वीवर ५ सेंटिमीटर उंचीवरून सोडलेली वस्तू जमिनीवर पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला एक मीटर असतो. ती सेकंदाला ३८ सेंटिमीटरने वर आली, तर फक्त ७ मिलिमीटर वर जाईल. अशा वस्तूला आपण ‘उसळली’ असे म्हणणारही नाही. पायांतील यंत्रणेने आणि जमिनीने मिळून ८५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा शोषून घेतली होती. पण धूमकेतूवर उरलेल्या ऊर्जेत फिले सुमारे एक किलोमीटर उंच गेले आणि तब्बल एक तास पन्नास मिनिटे अधांतरी राहिले. हाच वेग दुपटीहून थोडा अधिक असता, तर ते परत आलेच नसते.

विद्यार्थ्यांनी हा काळ नेहमीच्या सूत्राने काढून पाहावा. उत्तर सुमारे ७५ मिनिटे येईल, ११० नव्हे. असे का? सूत्रात आपण ओढ सर्वत्र सारखी धरतो. पृथ्वीवर एक किलोमीटर वर गेल्याने फारसा फरक पडत नाही, कारण त्रिज्या ६,४०० किलोमीटर आहे. पण जिथे त्रिज्याच दोन किलोमीटर, तिथे एक किलोमीटर वर जाताच ओढ निम्म्याहून कमी होते. शिवाय धूमकेतूचा आकारही गोल नाही. सूत्राची मर्यादा दाखवायला याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

वाटेत एका विवराच्या कडेला धडकून, नंतर पुन्हा एकदा टेकून आणि उसळून, फिले शेवटी एका कड्याच्या आडोशाला तिरपे अडकले. तिथे बारा तासांच्या दिवसात सूर्यप्रकाश मिळत होता जेमतेम दीड तास. योजना होती सहा-सात तासांची. सौरपंखे विद्युतघट भारू शकणार नव्हते. जवळ होती ती पृथ्वीवरून भरून नेलेली शिदोरी.

शिदोरी पुरली तोवर

पहिल्यांदा टेकल्यापासून सुमारे ५७ तास फिलेने काम केले. १५ नोव्हेंबरला संपर्क तुटला. २०१५ च्या जून-जुलैत धूमकेतू सूर्याजवळ असताना तो थोडा वेळ पुन्हा जुळला आणि कायमचा थांबला. फिले नेमके कुठे आहे हे कळले २ सप्टेंबर २०१६ रोजी, रोझेटाने २.७ किलोमीटरवरून घेतलेल्या छायाचित्रातून. त्याच महिन्याच्या ३० तारखेला रोझेटालाही धूमकेतूवर हळूच उतरवून मोहीम संपवण्यात आली.

एका जागी स्थिर राहायचे ठरले होते आणि फिलेने जमिनीला अनेक ठिकाणी स्पर्श केला. त्यामुळे एकाऐवजी निरनिराळ्या ठिकाणची जमीन तपासली गेली. आणि ती ठिकाणे एकमेकांसारखी नव्हती.

आमच्या अनसिंग परिसरात विहीर खणायला घेतली, की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग काळा कातळ. पहार किती आत जाते यावरून खणणारा खाली काय आहे ते ओळखतो. फिलेच्या बाबतीत हेच घडले. पहिल्या ठिकाणी वीस-पंचवीस सेंटिमीटर जाडीचा भुसभुशीत थर होता आणि त्याखाली टणक भाग. शेवटच्या ठिकाणी एका उपकरणाने लहानसा हातोडा मारून सळई आत घालण्याचा प्रयत्न केला. ती आत जाईना. तिथली जमीन किमान २० लाख पास्कल दाब सहन करू शकत होती. तापमान होते उणे १५३ अंश सेल्सिअस.

मधल्या ठिकाणाचा पत्ता मात्र अनेक वर्षे लागला नव्हता. लॉरेन्स ओ’रूर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी छायाचित्रे आणि फिलेच्या हालचालींच्या नोंदी जुळवून तो शोधला. २०२० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. तिथे एका मोठ्या शिळेच्या फटीत फिलेने सुमारे २५ सेंटिमीटर खोल ठसा उमटवला होता आणि आतला उजळ बर्फ उघडा पडला होता. त्या मिश्रणाची ताकद १२ पास्कलहूनही कमी निघाली. १२ पास्कल म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराचा दाब! दुधावरचा फेससुद्धा याहून घट्ट म्हणावा लागेल.

एकाच धूमकेतूवर एक जागा दुसरीपेक्षा लाखभर पटींनी टणक कशी? उत्तर सूर्यात आहे. उन्हाने पृष्ठभागाजवळील बर्फाची वाफ होते. तिचा काही भाग उडून जातो. काही भाग खालच्या थंड थरात पुन्हा गोठतो आणि कणांना एकमेकांशी जखडतो. उन्हाने वरून कडक झालेल्या ढेकळासारखे कवच तयार होते. कवचाच्या आत, ऊन न पोचलेला भाग मात्र जन्मापासूनचा भुसभुशीतपणा राखून असतो. धूमकेतूची घनता दर घनमीटरला सुमारे ५३० किलोग्रॅम आहे, म्हणजे तो पाण्यावर तरंगेल. त्याच्या आकारमानाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पोकळच आहे. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी, सूर्यमाला घडत असताना, धूळ आणि बर्फ किती हळुवारपणे एकत्र आले होते, हे तो मऊपणा सांगतो. जोरात आदळून बनलेली वस्तू इतकी पोकळ राहिली नसती.

धुळीत काय होते?

पहिल्या उसळीच्या वेळी उडालेल्या धुळीचाही उपयोग झाला. फिले अधांतरी असतानाच त्यावरील कोझॅक या उपकरणाने आत शिरलेल्या धुळीचा ‘वास’ घेतला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात १६ कार्बनी संयुगांची नोंद होती. या शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये चैतन्य गिरी हे भारतीय संशोधकही आहेत. रोझेटावरील उपकरणांना धूमकेतूच्या वायूत ग्लायसीन हे साधे अमिनो आम्ल आणि फॉस्फरस सापडल्याचे २०१६ साली जाहीर झाले. सजीवांना लागणारा कच्चा माल धूमकेतूंवर आहे, हे यावरून दिसते. कच्चा माल म्हणजे जीव नव्हे, हे मात्र वर्गात आवर्जून सांगावे.

याही पुढे जाणारा एक विचार मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांच्या मते सूक्ष्मजीवच धूमकेतूंमार्फत पृथ्वीवर आले असावेत. डॉ. जयंत नारळीकर यांनी या कल्पनेवर नुसती चर्चा न करता प्रयोग आखला. २००१ च्या जानेवारीत हैदराबादहून सोडलेल्या बलूनने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. तीत सूक्ष्मजीव आढळले. पण ते वरून आले की खालून गेले, यावर एकमत झालेले नाही. डॉ. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. दावा पटो वा न पटो, तो तपासता येईल अशी रीत शोधायची, हा त्यांचा धडा शिक्षकांच्या कामाचा आहे.

वर्गात करून पाहा

एक काचेची गोटी, एक मोजपट्टी आणि तीन ताटल्या घ्या. एकीत फरशीचा तुकडा ठेवा, दुसरीत दाबून बसवलेली ओली माती, तिसरीत चाळलेली कोरडी राख, पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा थर. गोटी दर वेळी ५० सेंटिमीटर उंचीवरून सोडा. ती किती उसळते आणि किती खोल रुतते याची नोंद करा. उसळीची उंची भागिले सोडण्याची उंची, म्हणजे परत मिळालेल्या ऊर्जेचा अंश. मग एका विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पाठवून ताटल्यांची अदलाबदल करा, त्यांवर कागदाचा आडोसा धरा, आणि परत आल्यावर त्याला फक्त आकडे द्या. कोणत्या ताटलीत काय आहे, हे त्याने आकड्यांवरूनच ओळखायचे. धूमकेतूची जमीन अशाच आकड्यांतून ओळखली गेली, ५१ कोटी किलोमीटर अंतरावरून.